यंत्र तुमचं, अक्कल आमची

कापलेलाच गावच्या दूध संस्थेच्या आवारात त्या शनिवारी सकाळी एवढी गर्दी लोटली होती, की दुधाचे कॅन ठेवायला जागा उरली नव्हती. नैरोबीहून ‘जिचो’ आलं होतं. जिचो म्हणजे डोळा. रेडिओ, वर्तमानपत्रं, फोन, चार दिवस सगळीकडे एकच गजर चालला होता: दुधाकडे नुसतं पाहून त्यातलं पाणी, फॅट आणि शिळेपणा सांगणारं जगातलं पहिलं यंत्र!

जेमेली कोरोस पहिल्या रांगेत वही उघडून बसली होती. वय एकसष्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. स्थानिक साप्ताहिकात तिचं ‘आधी थांबा’ नावाचं सदर बावीस वर्षं चालू होतं. नव्या यंत्रांचे फुगे फोडणं हा तिचा धंदा, आणि खरं सांगायचं तर चैनही तीच. हवेतून पाणी काढणारं यंत्र शाळेमागे बसवलं, तेव्हा तिने लिहिलं होतं की यातून पाणी निघणार नाही, फार तर अंडी निघतील. आता त्यात खरोखरच कोंबड्या अंडी घालतात. चालता चालता फोन चार्ज करणारा बूट आला, तेव्हा तिने हिशोब मांडून दाखवला की एका फोनसाठी पार मोम्बासापर्यंत चालावं लागेल.

पण एकदा बाई सपशेल तोंडघशी पडली होती. फोनवरून पैसे पाठवण्याची सोय नवी नवी आली, तेव्हा तिने लिहिलं होतं, ‘फोनमधून पैसे जाणार असतील, तर उद्या शेळीही पाठवा.’ वर्षाच्या आत अख्खा तालुका फोनवरून पैसे पाठवू लागला. शेळी मात्र तिच्या मागे लागली ती लागलीच.

“कोगो, माझी शेळी पोचली का हो?” मागून कोणीतरी ओरडलं. आजीच्या वयाच्या बाईला तिकडे कोगो म्हणतात, टोमणा मारतानासुद्धा.

“पोचली की! तुझ्याच आवाजात बें बें करतेय,” जेमेली मान न वळवता म्हणाली. आवार हसलं.

अध्यक्ष चेपक्वोनी यांनी टेबलावर हात आपटला. “शांत व्हा! बरोबर बाराला मतदान. त्याआधी न्जागी साहेबांना बोलू द्या.”

न्जागी साहेब कंपनीचे मालक. वय असेल पस्तिशीचं, पायात पांढरेशुभ्र बूट. गाईंच्या आवारात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल जेमेलीने वहीत पहिली ओळ तिथेच लिहून टाकली. पण माणूस बोलायला पट्टीचा. त्याचं ऐकताना शेतकऱ्यांचे डोळे चकाकत होते. यंत्र फुकट! प्रत्येक संकलन केंद्रावर एक! फक्त आतल्या प्रोग्रामचा परवाना दर वर्षी नवा करायचा.

“आणि नाही केला तर?” जेमेलीने विचारलं.

“तर यंत्र आपोआप बंद होईल, मॅडम.”

“मोजमापावरून भांडण झालं तर आत उघडून बघता येईल?”

“परवान्यात तशी मुभा नाही. निकाल कंपनी देईल.”

“म्हणजे यंत्र तुमचं, अक्कल आमची, असं तुम्ही या लोकांना सांगताय.”

“अगदी थोडक्यात सांगितलंत!” न्जागी खुशीत हसला. त्याला ते कौतुकच वाटलं.

मग त्याने प्रयोग दाखवला. छोट्या कपात ताजं दूध ओतलं, कप काळ्या डबीत ठेवला आणि बटण दाबलं. हिरवा दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, मग बारीक आवाजात ‘टुक’ झालं आणि पडद्यावर आकडे आले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

जेमेलीची पेन्सिल हातातच राहिली. तीन लुकलुक, थांबणं, टुक. हे तिने पूर्वी पाहिलं होतं.

नऊ वर्षं झाली असतील. तंत्रनिकेतनात किबिवोट लेलेई नावाचे मास्तर होते. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून दूध तपासणारी एक लाकडी पेटी केली होती. आत दिवा, कप आणि त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. तो प्रोग्राम त्यांनी जगाला फुकट देऊन टाकला होता. कुणीही वापरा, बदला, विका सुद्धा. अट एकच, ज्याला द्याल त्याला त्याचं मूळ लिखाणही द्या आणि हीच मोकळीक त्यालाही द्या. ‘फुकटच्या वस्तूला अट कसली?’ असं जेमेलीने तेव्हा वहीत खरडलं होतं.

त्या दिवशी तिने पेटीची परीक्षा म्हणून आपल्या घरचं मुर्सिक कपात ओतलं. मुर्सिक म्हणजे कोळशाने घासलेल्या तुंब्यात विरजून करडं झालेलं दूध, त्या मुलखाचा जीव की प्राण. पेटी गोंधळेल आणि आपण मास्तरांना पकडू, असा तिचा बेत होता. पेटी गोंधळली नाही. पडद्यावर त्या मुलखातल्या लोकांच्या कालेन्जिन भाषेत एक ओळ उमटली, आणि सगळी पोरं जेमेलीकडे बघून पोट धरधरून हसली. लेलेई मास्तर तिच्याकडे पाहून म्हणाले, “कोगो, तीन आठवडे संस्थेत वापरून बघा, मग काय लिहायचं ते लिहा.”

तिने तीन आठवडे सोडा, तीन तासही वाट पाहिली नाही. शेळीची जखम ताजी, त्यात हे हसणं. त्याच संध्याकाळी तिने लिहिलं, ‘बॅटरी आणि कप यांचं लग्न लावलं म्हणजे शास्त्र होत नाही.’ चेपक्वोनींनी ते वाचलं आणि संस्थेने दारात आलेली पेटी परत पाठवली. पुढे मास्तरांनी नोकरी सोडली. आता ते बस थांब्यापाशी फोन दुरुस्त करत बसत.

जेमेली उभी राहिली. “न्जागी साहेब, प्रोग्राम कुणी लिहिला?”

“आमच्या इंजिनिअरांनी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.”

“त्यांत आमच्या बाजूचं कुणी?”

“एकही नाही, मॅडम. सगळं नैरोबीत.”

बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती. ती ओळ अजून आत असली, तर संस्था वाचेल. पण मग हेही सगळ्यांना कळेल, की खरी वस्तू नऊ वर्षांपूर्वी दारात आली होती आणि हाकलणारी होती जेमेली कोरोस. गप्प बसलं, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. तिला गप्प बसावंसं वाटलं. फार वाटलं. मग तिने वही पिशवीत कोंबली आणि फाटकाबाहेरच्या भाड्याच्या मोटारसायकलवर मागे टांग टाकली.

“घरी ने! आणि ब्रेक असेल तर विसरून जा!”

“कोगो, पडलो तर?”

“पडलो तर उठू! चल!”

वाटेत बस थांबा लागला. लेलेई मास्तर टपरीत एका फोनच्या पोटात डोकं घालून बसले होते. तिने गाडी थांबवायला लावली. “मास्तर, आवारात चला. लगेच.”

मास्तरांनी वर पाहिलं. “कशाला? आणखी एकदा लिहायचंय?”

तिने मोटारसायकलवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी उधळली. घरात शिरून तिने खुंटीवरचा तुंबा काढला, कानाशी धरून हलवला. भरलेला होता. परतीच्या खड्ड्यांतून तिने तो पोटाशी असा धरला होता, की गाडी पडली असती तरी तुंबा पडला नसता.

ती आवारात शिरली तेव्हा चेपक्वोनी हात मोजत होते. निम्म्याहून जास्त हात वर गेले होते.

“आधी थांबा!” जेमेली ओरडली.

“हे तुमचं सदर नाही, कोगो!” कोणीतरी ओरडलं.

“एक कप! फक्त एक कप मोजू द्या, मग हवे तेवढे हात वर करा!” तिने तुंब्याचं झाकण काढलं. आंबूस, धुरकट वास टेबलापर्यंत गेला.

न्जागी दोन पावलं मागे सरला. “हे काय आहे? यात फक्त दूध घालायचं असतं.”

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने काठी टेकून विचारलं, “फक्त दूध? मग मुर्सिक काय शेणकाला आहे?”

“नाही, म्हणजे तसं नव्हे...”

“माझ्या नातवाने मॅरेथॉन जिंकली, तेव्हा विमानतळावर त्याला आम्ही काय पाजलं? शेणकाला?”

“ओता!” बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. “ओता, ओता!” मग सगळं आवारच ओरडू लागलं. दोन मिनिटांपूर्वी न्जागीसाठी वर गेलेले हात आता डबीकडे बोट दाखवत होते. न्जागीने असहायपणे अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षही कालेन्जिनच होते.

जेमेलीने ओतलं. कप करडा झाला. तिने बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला. एक. दोन. तीन. थांबला. आणि किती वेळ थांबला! बदलली असेल यांनी ती ओळ, तिच्या मनात आलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची तिला लाज वाटली.

टुक.

पडद्यावर आकडे नव्हते. चेपक्वोनींनी चष्मा चढवला आणि कालेन्जिन अक्षरं मोठ्याने वाचली: “हे मोजायचं नसतं. जिंकून आलेल्याला आधी पाजा.”

मग जो गलका उठला, त्याने गोठ्यातल्या गाईसुद्धा हंबरल्या. न्जागीच्या माणसांनी बाकी सगळ्या सूचना इंग्रजी करून घेतल्या होत्या. पण नैरोबीत मुर्सिक मोजून बघायचं कुणाला सुचणार? ही एक ओळ त्यांना कधी दिसलीच नव्हती.

“ही... स्थानिक लोकांसाठी खास सोय आहे,” न्जागी म्हणाला.

“तुमच्यात आमच्या बाजूचं कुणी नाही ना? मग कालेन्जिन कुणाला सुचलं, गाईला?” जेमेली टेबलावर वाकली. आता बोलायलाच हवं होतं. तिने गर्दीकडे तोंड केलं. “ही ओळ लेलेई मास्तरांची आहे. हा प्रोग्रामच त्यांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी तो आपल्याला फुकट मिळत होता. तो परत पाठवायला लावणारा लेख मी लिहिला. वापरून न बघता लिहिला, कारण या ओळीवरून पोरं मला हसली आणि मला राग आला. शेळीच्या वेळी माझी चूक झाली होती. या वेळी चूक नव्हती, खोडसाळपणा होता. आता हे आयत्या बिळातले नागोबा तीच वस्तू तुम्हाला भाड्याने देताहेत, आणि त्यांना बीळ मीच मोकळं करून दिलं.”

कोणी शेळीचं नाव काढलं नाही. तिला वाटलं, काढलं असतं तर बरं झालं असतं.

फाटकाकडून आवाज आला. “विकायला माझी ना नव्हती.” लेलेई मास्तर हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच घेऊन उभे होते. “विका, साहेब, खुशाल विका. पण मूळ लिखाण या लोकांना द्यावं लागेल, आणि त्यांनी ते उघडायचं म्हटलं तर उघडू द्यावं लागेल. परवाना मी पण लिहिला होता. त्यात कुलूप लावायची मुभा नाही.”

वकिलांशी बोलतो, असं काहीतरी पुटपुटत न्जागी आपल्या गाडीकडे निघाला. पांढरा बूट शेणात रुतला, तरी त्याने खाली पाहिलं नाही.

जेमेलीने तुंबा उचलला. गर्दीने आपणहून वाट दिली. शर्यत जिंकून आलेल्याला देतात तसा तिने तो दोन्ही हातांनी मास्तरांपुढे धरला. मास्तर तुंब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो घेतला आणि मोठा घोट घेतला. मिशी करडी झाली, बायकांनी आनंदाने आरोळी ठोकली, आणि जेमेलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

चेपक्वोनींना आता कोण उत्साह. “मग ठरलं! मास्तरांची पेटी आजच सगळ्या केंद्रांवर! हात वर करा! कोगो, तुमचं मत काय?”

जेमेलीने डोळे पुसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. सवय ती सवय. “आजच कशाला? नव्याचे नऊ दिवस असतात, अध्यक्ष. आधी आपल्या दुधावर तीन आठवडे चालवून बघू. मग काय ते ठरवा.”

लोक हसले. मास्तरांनी मिशी पुसली आणि तुंबा तिच्या हातात परत दिला.

“तेव्हाही मी एवढंच मागितलं होतं, कोगो,” ते म्हणाले.