एका माणसाची कंपनी

ज्योत्स्नाबाईंनी अकोल्याच्या एका दवाखान्यात बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नोकरी सुटल्यावर त्या अमरावतीला आल्या, खोली घेतली आणि दवाखान्यांसाठी चादरी, गाऊन शिवायचं ठरवलं. कापड कुठलं टिकतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? धंदा कोणत्या नावानं करायचा, हे मात्र ठाऊक नव्हतं. म्हणून त्या राजापेठेत चारुशीला मॅडमकडे गेल्या. मॅडम सीए होत्या.

"नुसत्या तुमच्या नावावर केला तर सोपं," मॅडम म्हणाल्या. "पण नुकसान झालं तर तुमच्या घरापर्यंत येईल. भागीदारी करायची तर दुसरं माणूस हवं."

"दुसरं कोणी नाही."

"मग एका माणसाची कंपनी करता येते. त्यात नॉमिनी मात्र लागतो. उद्या तुम्ही नसलात तर कंपनी कोणाकडे जायची, त्याची लेखी संमती."

ज्योत्स्नाबाईंनी संमतीचा फॉर्म पिशवीत ठेवला. लग्न केलं नव्हतं. आई गेल्याला सहा वर्षं झाली होती. उरला होता अंजनगाव सुर्जीचा भाऊ, शेखरदादा. त्याच्याशी बोलणं व्हायचं ते बाबासाहेबांच्या जयंतीला, तेही फोनवर.

परतवाड्याला बस बदलून त्या अंजनगावला पोचल्या. वाटेत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं: दादा भीतीनं नाही म्हणेल, मग काय सांगायचं, वहिनी आड आली तर काय. दादा बाजारात केळीचा ट्रक भरून घेत होता.

"कावून आली व? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. एक सही पायजे होती. मी कंपनी काढून राहिली. मी गेल्यावर ते तुयाकडे येईन."

दादानं कागद ट्रकच्या फाळक्यावर ठेवला, सही केली, मोबाइलमधून आधार आणि पॅनचे फोटो पाठवले. कंपनी कशाची, हे विचारलं नाही. हमाल हाका मारत होते.

"अजून काई?"

"नाई."

"जेवून जा मंग. घरी हाय ते."

"बस हाय," त्या म्हणाल्या. बसला दीड तास अवकाश होता. तो त्यांनी स्टँडवरच्या बाकावर काढला. दादा नाही म्हणाला असता तर निदान भांडण झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

बारा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. मॅडमनी पेढा दिला आणि समजावलं, "तुम्ही एकट्याच संचालक, त्यामुळं बैठक घ्यायची गरज नाही. ठरलं ते वहीत लिहायचं, तारीख टाकून सही करायची."

दुपारी खोलीवर त्यांनी नवी वही उघडली. लिहिलं: दुसरी शिलाई मशीन घेण्याचं ठरलं. सही केली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, उभ्या राहून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. खोलीत कापडाचे तागे होते. त्या खाली बसल्या आणि चादर बेतायला घेतली.