उंचवट्यामागचा पिवळा झेंडा

मित्रांनो, झेंडे अटकेपार जातात असं मी ऐकून आहे. मी मात्र मातीच्या तिसऱ्या उंचवट्यापलीकडे कधी फडकलो नाही. मी एक जुना, विटलेला, दोन ठिगळांचा पिवळा झेंडा आहे. मला कुणी सलाम ठोकत नाही. उलट मी दिसलो की लोकांची तोंडं वाकडी होतात. का, ते सांगतोच. पण आधी माझी एक खोड कबूल करतो. मला भारी चौकशा! जन्मभर एका जागी उभं राहिलं की असंच होतं. समोर येईल त्याचं बोलणं कान देऊन ऐकायचं, दुसरं करणार काय?

माझा जन्म शिंप्याच्या दुकानातला. दातांच्या एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडक्यांना पडदे शिवायला टाकले होते, त्यातून हातभर कापड उरलं. माझी भावंडं अजूनही तिथे लटकून लोकांचं कण्हणं ऐकत असतील, बिचारी. मला शिंप्याने चौकोनी कापलं, कडा दुमडून टीप मारली आणि फरशी पुसायच्या दांड्यावर चढवलं. पडदा व्हायचा तो झेंडा झालो.

तिथून मी आलो ते गावाबाहेरच्या, वीटभट्टीवाल्यांनी सोडून दिलेल्या खाणीत. तिथे मोटोक्रॉस चाले. म्हणजे खाचखळग्यांच्या, चढउतारांच्या मातीच्या वाटेवर मोटरसायकलींची शर्यत. मातीचे मोठमोठे उंचवटे रचलेले असतात. स्वार भरधाव येतात, उंचवट्यावरून गाडीसकट हवेत उडतात आणि पलीकडे उतरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसांना घरी कुणी विचारत नाही की काय!

पण एक अडचण असते. उडी मारणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. तिकडे कुणी पडलेला असला, तर हा थेट त्याच्या अंगावरच उतरायचा. म्हणून मी. उंचवट्याच्या बगलेला, फळीवर एक माणूस मला घेऊन उभा राहतो. त्याला दोन्ही बाजू दिसतात. मी हललो की त्याचा अर्थ ठरलेला: पुढे कुणीतरी पडलंय, वेग कमी करा, उडी मारू नका, कुणाला ओलांडू नका. सगळी मजा घालवणारा मी! तोंडं वाकडी होतील नाहीतर काय?

माझा माणूस म्हणजे फाटकवाले काका. रेल्वेच्या फाटकावर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. गाडी गेल्यावर शेवटचा डबा डोळ्याआड होईपर्यंत झेंडा खाली घ्यायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. ती त्यांनी इथेही आणली. पडलेला स्वार उठून, गाडी ओढून, वाटेबाहेर गेल्याशिवाय ते मला खाली घेत नसत. बाकीचे झेंडेवाले हसायचे. "काका, तो उठला हो! आता काय घरी पोचवून येणार का त्याला?" काका कानाआड करायचे.

काकांची धाकटी लेक भिंगरी हीसुद्धा इथलीच स्वार. खरं नाव तिचं तिलाच आठवत असेल. दिवसभर टायरच्या दुकानात पंक्चर काढायची, आणि संध्याकाळी खाणीत यायची. वडील झेंड्यावर, लेक गाडीवर. घरी भांडण झालेलं असलं की ती माझ्यासमोरून जाताना काकांकडे बघायचीच नाही. मला लगेच कळायचं, आज तिने काकांचा डबा आणलेला नाही.

सात वर्षं अशी गेली. मग एक दिवस बातमी आली की क्रीडा खात्याच्या बाई शर्यत बघायला येणार. हा खेळ इतर खेळांच्या पंक्तीत बसवायचा का, त्याला मैदान, डॉक्टर, शिकवणारे द्यायचे का, हे त्या ठरवणार. टीव्हीवालेही येणार. खाणीत नुसती धांदल उडाली, आणि माझ्या चौकशांना ऊत आला. हा खेळ सगळ्यांचा व्हावा की नाही? जो तो माझ्या फळीपाशी येऊन आपलं मत सांगून जाई.

रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला, "व्हावा की. लोक वाढले तर दुसरी गाडी तरी मिळेल. आत्ता मी एकाला दवाखान्यात नेतो, आणि मी परत येईपर्यंत दुसऱ्याने पडायचं नाही, असा इथला कारभार."

जवळच्या शाळेतल्या शिक्षिका तक्रार घेऊनच आल्या होत्या. "आत्ताच हा आवाज! मी पाढे म्हणून घेते आणि मुलं तोंडाने गाड्या चालवतात. वाढला तर शाळेला टाळं लावू का?"

भिंगरी म्हणाली, "दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, तू त्या सर्कशीत असतेस ना? हा खेळ आहे, एवढं तरी लोकांना कळू दे."

आणि काका? ते आपल्या रुमालाने फळीवरची धूळ झटकत म्हणाले, "लोक येऊ देत, पण आधी त्यांना झेंडे शिकवा. फाटक बंद असताना खालून सायकल घालणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत."

मला सगळ्यांचंच पटायचं. कापडाला स्वतःचं मत कुठून असणार?

भिंगरीसाठी मात्र गोष्ट मतापुरती नव्हती. त्या शर्यतीत पहिले दोन येतील त्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणाला पाठवणार होते. राहणं, गाडी, शिकवणारे, सगळं त्यांचं. वयाची अट बावीस, आणि तिचं बाविसावं चालू होतं. यंदा नाही, तर कधीच नाही.

तिने एक युक्ती शोधून काढली होती. सगळे स्वार तिसऱ्या उंचवट्यावरून मधोमध उडत. ती सरावात अगदी डाव्या कडेने उडायला शिकली. तिथून उडी लांब जाते आणि पुढच्या वळणावर माणूस आपोआप पुढे निघतो. अवघड खरं, पण तिला जमलं. त्या दिवशी सकाळीही तिने ती उडी चार वेळा मारून पाहिली. "शेवटच्या फेरीला काढीन ही," ती काकांना म्हणाली. "तोवर कुणाला दाखवायची नाही." काका हसले. मी त्यांच्या हातात होतो, तेव्हा त्यांची छाती किती फुगली होती ते मला ठाऊक आहे.

शर्यतीआधी आयोजक भाऊ घामाघूम होऊन आले. "काका, आज झेंडा जरा हात राखून. बारीकसारीक पडझडीला नको. गाड्या हळू झाल्या की टीव्हीवाल्यांना जांभया येतात, आणि बाईंनाही वाटायचं, यात काय आहे!"

"भाऊ," काका म्हणाले, "झेंडा हात राखून कसा दाखवतात, ते मला एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नाही."

भाऊ कपाळावर हात मारून गेले.

शर्यत सुरू झाली. काय ती गर्दी, काय तो गलका! शेवटच्या फेरीला पहिला स्वार सुसाट पुढे निघून गेला. मागून एक फेरी मागे पडलेला एक स्वार आला. तो गवंडीकाम करणारा, हौसेने खेळणारा माणूस. उडी मारली आणि पलीकडे उतरताना धपकन पडला. काकांनी मला झटक्यात वर केलं. गवंडी लगेच उठला, गाडी ओढत कडेला न्यायला लागला. डाव्या कडेला.

तेवढ्यात दुसऱ्या नंबरचा स्वार आला. मला पाहून त्याने वेग कमी केला. आणि त्याच्या मागून, डावीकडून, भिंगरी! भोंग्यावरून माणूस ओरडायला लागला, "आता उडणार! आता पुढे जाणार!" लोक उभे राहिले.

गवंडी जवळजवळ वाटेबाहेर गेला होता. मधून उडणाऱ्या कुणालाही त्याचा धोका नव्हता. दुसरा कुठलाही झेंडेवाला असता, तर त्याने झेंडा कधीच खाली घेतला असता. पण डाव्या कडेने उतरणारं त्या खाणीत एकच माणूस होतं, आणि ते काकांना माहीत होतं. मी त्यांच्या हातात वीतभर खाली आलो, मित्रांनो. मी दांड्यावर होतो, मला विचारा. एकदा वाटलं, आता खाली घेतात. त्यांनी मला आणखी वर धरलं आणि जीव खाऊन हलवलं.

गाडीचा आवाज एकदम बसला. भिंगरी हळूच उंचवटा चढली, हळूच उतरली, दुसऱ्याच्या मागेच राहिली. तिसरी आली.

"कच खाल्ली! ऐन मोक्याला घाबरली!" भोंगा ओरडला. लोकांनी तिची हुर्यो उडवली. त्यांच्या मांडवातून उंचवट्याची अलीकडची बाजूच दिसत होती. त्यांना मी दिसलो असेन, पण माझा अर्थ कुणाला ठाऊक होता?

भिंगरी गाडी टाकून फळीपाशी आली. चेहरा चिखलाने भरलेला, डोळे लाल. "बाबा, तो उठला होता."

"उठला होता."

"मग?"

"एक पाऊल बाकी होतं."

"एका पावलासाठी माझं वर्ष घालवलंत? माझं सगळंच घालवलंत!"

तेवढ्यात गवंडी लंगडत आला. "ताई, माझा बूट गाडीच्या साखळीत अडकला होता. तिथून हलताच येत नव्हतं," असं म्हणून त्याने जागा दाखवली.

भिंगरी उतरून तिथे गेली. मातीत सकाळच्या तिच्या चाकांच्या चार खुणा होत्या, एकीशेजारी एक. त्यांच्यावर गवंड्याच्या बुटाचे ठसे उमटले होते. तिने वाकून ते ठसे बोटाने चाचपले. मग तिथेच बसली आणि रडली. काका फळीवरून उतरून तिच्या शेजारी जाऊन बसले. मला त्यांनी आडवं ठेवलं होतं, म्हणून पुढचं मी मातीतून ऐकलं.

क्रीडा खात्याच्या बाई भाऊंसोबत आल्या. ही मुलगी का घाबरली, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. गवंड्यानेच सगळं सांगितलं. बाईंनी खुणा पाहिल्या, ठसे पाहिले, मांडवाकडे पाहिलं. मग भिंगरीला विचारलं, "वडिलांचा राग नाही आला तुला?"

"आला ना. अजून आहे."

"पुढे कोण आहे, कुठे आहे, तुला दिसत होतं?"

"नाही."

"मग थांबलीस कशी?"

भिंगरीने नाक पुसलं. "झेंडा होता ना, मॅडम."

प्रशिक्षणाला पहिले आलेले दोघेच गेले. नियम म्हणजे नियम, त्याला कुणाचा इलाज नव्हता. भिंगरी चार दिवस काकांशी बोलली नाही, पाचव्या दिवशी डबा आला. खेळाला वर्षभरापुरती मान्यता मिळाली. दुसरी रुग्णवाहिका आली. शाळेच्या वेळात सराव बंद झाला. नवे चकचकीत झेंडेही आले, आणि माझी रवानगी टायरच्या दुकानातल्या खिळ्यावर झाली. परवा एका गिऱ्हाईकाने फडकं समजून मला ग्रीसचे हात पुसले. भिंगरीने त्याला असा फैलावर घेतला, की तो पंक्चर न काढताच निघाला होता!

मित्रांनो, हा खेळ सगळ्यांचा व्हावा का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण तुम्ही बघायला या. खूप जण या. टाळ्या वाजवा, गळा फाटेपर्यंत ओरडा. फक्त भरधाव येणारं कुणी अचानक हळू झालं, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी इकडेतिकडे नजर टाका. कुठेतरी एक पिवळं कापड हलत असेल. आणि त्याच्या मागे, तुम्हाला न दिसणाऱ्या बाजूला, कुणीतरी आपला पाय सोडवत असेल.