कठड्यावरच्या माळा

खरं सांगते, रोवेनानं जिना सजवला तेव्हा माझ्या पोटात दुखलं. अकरा वर्षांनी नणंद घरी आली, तीन आठवड्यांसाठी, आणि आल्याआल्या सोबत आणलेला खोका फोडून बसली. खोक्यात निम्म्या तर माळाच. हिरव्या काट्यांच्या, लाल गोळ्यांच्या, सोनेरी फितींच्या. मिलानमध्ये ज्या घरी ती कामाला आहे, तिथल्या जिन्याला दर नाताळात माळा तीच बांधते. म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं लोकांचा जिना नटवला. यंदा आपला." मग दिवसभर घाम गाळत तिनं आमच्या जिन्याचा कठडा वरपासून खालपर्यंत असा गच्च गुंडाळला की लाकूड बोटभरही दिसेना. माझा नवरा इस्को तर बघतच राहिला. आमच्याकडे नाताळ सप्टेंबरलाच लागतो; तेव्हापासून मी दारात बांबूची चांदणी टांगून ठेवलीय, तिच्याकडे त्यानं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

आता ताताय, म्हणजे माझे सासरे. हाडाचे सुतार. हा जिना त्यांनीच केलेला. रोवेना मिलानला गेली त्याच वर्षी साखरेनं त्यांचे डोळे गेले, नुसता उजेड कळतो. पण जिन्यावर कुणी हात धरलेला त्यांना खपत नाही. कठड्याच्या खालच्या अंगाला दर तिसऱ्या पायरीशी त्यांनी पटाशीनं खाच पाडलीय. बोटानं खाच चाचपायची आणि पायरीगणिक एकेक शब्द, 'ओरो, प्लाता, माता' म्हणत उतरायचं. सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी मरणावर पडू नये असाच जिना बांधायचा, ही आमच्याकडची रीत. खाली आले की मग माझा हात धरतात. नाताळाआधीच्या नऊ पहाटेच्या मिस्सांना, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनांना, त्यांना मीच नेते. नऊच्या नऊ केल्या की मागितलेलं मिळतं म्हणतात, आणि त्यांची तोवर एकही चुकलेली नव्हती.

माळा बांधल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली लसूण घालून भात परतत होते. ताताय वर जिन्याच्या तोंडाशी आले, हात पुढे केला. हाताला काटे लागले. जरा चाचपलं, एक गोळा लागला, तो हळूच कुरवाळला. खाच काही सापडेना. एक पाय खाली टाकला, मागे घेतला आणि गुपचूप खोलीत परत गेले. रोवेना विचारायला गेली तर म्हणाले, गुडघा धरलाय.

मला सगळं कळलं. आणि मी गप्प बसले.

का, ते सांगते. लाज वाटते, तरी सांगते. अकरा वर्षं त्यांना सुया मी टोचल्या, सासूबाईंचं शेवटचं हगणंमुतणं मी काढलं. पण घरात कौतुक कुणाचं, तर रविवारी फोन करणाऱ्या लेकीचं. म्हटलं, कळू दे जरा तिलाही, नुसत्या माळांनी घर चालत नाही ते.

पहिल्या पहाटेला ताताय आले नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याही नाही. ताट मी वर नेत होते. रोवेना तासन्‌तास त्यांच्याजवळ बसायची, ते तिच्याशी छान बोलायचे, पण खाली चला म्हटलं की गुडघा. चौथ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात आली. मी सुमानसाठी केळीची पानं पुसत होते, त्यात चिकट भात बांधायचा होता. फडकं घेऊन तीही पुसायला लागली, आणि पुसता पुसता रडायला लागली.

"वहिनी, त्यांचा राग गेलेला नाही. आई गेली तेव्हा मी आले नाही ना. मालकीण सुटी देईना, आणि मीही भांडले नाही. गुडघा-बिडघा काही नाही, त्यांना माझ्याबरोबर चर्चला यायचंच नाहीये. सत्तावीसला मी जाणार. परत येईन तेव्हा ते असतील का, कुणाला ठाऊक."

माझ्या हातातलं पान फाटलं. बाई गं, काय करून बसले मी. तिची थोडी जिरावी एवढंच माझ्या मनात होतं, आणि ही तर आईच्या मरणाचं ओझं डोक्यावर घेऊन बसलेली.

"राग नाही गं," मी म्हटलं. "त्यांना कठडा सापडत नाही."

तिला कळेना. तिला जिन्यापाशी नेलं, माळ सरकवली आणि तिचं बोट धरून खाचेत घातलं. खाचांचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कधीपासून माहीत होतं, असं तिनं विचारलं. पहिल्या दिवसापासून, मी म्हटलं.

वाटलं, आता ही देते माझ्या थोबाडीत. दिली असती तरी चाललं असतं. पण तिनं माळेचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि गाठी सोडत वर चढायला लागली.

आवाजानं ताताय बाहेर आले. काढू नका म्हणाले. रोवेना तरी काढतच होती, तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं लोकांचा जिना सजवून आलीस. आपल्या जिन्याची पाळी आली तर मी मोडता घालू होय?"

ती तिथेच पायरीवर बसली आणि त्यांचे पाय धरून हमसून हमसून रडली. मग इस्कोनं भिंतीवर खिळे ठोकले, माळा तिकडे गेल्या, आणि कठडा मोकळा झाला.

ताताय लगेच उतरले, मोजत मोजत. खाली आल्यावर सवयीनं माझा हात धरला. मला तो हात सोसवेना. रोवेना वर पसारा आवरत होती. मी म्हटलं, "ताताय, मला माहीत होतं. मुद्दाम बोलले नाही. तुमच्या चार मिस्सा माझ्यामुळे बुडाल्या."

त्यांनी हात मात्र सोडला नाही.

"इतकी वर्षं तुझाच हात धरून गेलो, लुझ," ते म्हणाले. "आणि दर वर्षी मागितलं ते तिच्यासाठी. पोर घरी येऊ दे म्हणून. तुझ्यासाठी एकदाही काही मागितलं नाही. सुचलंच नाही बघ."

मी त्यांना खुर्चीपाशी नेऊन बसवलं.

"पाच उरल्यात. पाचांत मिळतं की नाही ठाऊक नाही, पण या पाच तुझ्या. सांग, काय मागू?"

अकरा वर्षं मनातल्या मनात धुसफुसत आलेली मी, पण मला मागायला एक गोष्ट आठवेना. म्हटलं, जाताना वाटेत सांगते.