वॉशर एकटा राहतो

"महिनाअखेरपर्यंत, बस्स," इमारतीचे चेअरमन दारात उभे राहून म्हणाले. "कुत्रं गप्प बसलं तर ठीक. नाहीतर त्याला घालवा."

"घालवा म्हणजे कुठं?"

"ते तुम्ही बघा."

पंप मेकॅनिकच्या हातात कामाची पिशवी होती आणि पायाशी वॉशर. पिल्लू असताना त्याने पंपाचा रबरी वॉशर गिळला, म्हणून बायकोने त्याचं हेच नाव ठेवलं होतं. तिला जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून मेकॅनिक कामावर निघाला की वॉशर दाराच्या फटीला नाक लावून जो रडायला लागायचा, तो संध्याकाळपर्यंत. याच चेअरमनच्या घरी सहा महिने फरशा फुटत होत्या, तेव्हा कुणाचे कान दुखले नाहीत. मुक्या जिवाचं दुःख मात्र सगळ्यांना खुपलं.

तक्रार खालच्या मजल्यावरच्या सिस्टरने केली होती. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली तरी जिभेची धार तशीच. मेकॅनिक भांडायलाच खाली गेला.

"ओरडू नका, मला ऐकू येतं. तेच तर दुखणं आहे," ती म्हणाली. "एक जीव नऊ तास टाहो फोडतोय आणि मी टीव्हीचा आवाज वाढवून बसू? तुम्ही काय केलंत त्याच्यासाठी?"

"बिस्किटं टाकतो. रेडिओ लावून जातो."

"आणि नवा पंप बसवला की? बटण दाबून घरी?"

मेकॅनिकला हे लागलं. "असं कोण करतं? दोन मिनिटं चालवायचा, बंद करायचा, बेअरिंगवर हात ठेवायचा. तापलं नसेल तर मग पाच मिनिटं."

"मग इथं काय झालं होतं?"

त्याने उरलेली सगळी रजा टाकली. तो पिशवी घेऊन बाहेर पडायचा, वळणावर थांबायचा, परत येऊन वॉशरच्या छातीवर हात ठेवायचा. सिस्टर जिन्यात स्टुलावर बसून मनगटावरच्या घड्याळात बघायची. पण अर्धं मिनिटसुद्धा निघेना. दार लागलं की आत टाहो. असे चार दिवस गेले.

"दार लावताना त्याला काय सांगता?" पाचव्या दिवशी सिस्टरने विचारलं.

"काय सांगणार? येतोच हं, म्हणतो. त्याला धीर यावा म्हणून."

सिस्टरने घड्याळावरची नजर काढली. मग म्हणाली, "भाऊ, तिला दवाखान्यात नेताना जिन्यावरून मीच धरून उतरवलं. दारात वळून ती वॉशरला हेच म्हणाली होती. येतेच हं."

मेकॅनिक पायरीवर मटकन बसला. दोन महिने रोज सकाळी त्याने प्रेमाने त्या जखमेवर बोट ठेवलं होतं.

पुढच्या वेळी तो काहीच बोलला नाही. पिशवी उचलली, दार ओढलं. एक मिनिट. दोन. आत नखांचा आवाज फिरला आणि थांबला. सिस्टरने दोन बोटं वर केली, जणू एखाद्या पेशंटचा ताप उतरला होता.

मग पाच मिनिटं झाली, वीस झाली, एक दिवस तर दोन तास. मधे दोनदा सगळं बिघडलं आणि पुन्हा दोन मिनिटांपासून सुरुवात करावी लागली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेकॅनिक पूर्ण पाळी करून आला, तेव्हा जिना चढताना तो प्रत्येक पायरीवर कान देत होता.

सिस्टर दारातच होती. "एकदा भुंकला. चेअरमन जिन्यातून गेले तेव्हा. ते मी धरलं नाही."

मेकॅनिकने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आभार मानणं त्याला कधी जमलंच नव्हतं. "तुमचा स्वयंपाकघरातला नळ गळतोय, सिस्टर. इथपर्यंत ऐकू येतंय."

"वर्ष झालं."

"उद्या सकाळी करून देतो. परवा पण येऊन बघतो."

त्याने वर जाऊन कुलूप काढलं. दाराशी कुणी धावत आलं नाही. पलंगावर, बायकोच्या बाजूला वॉशर पसरला होता. त्याने एक डोळा उघडला, शेपूट दोनदा गादीवर आपटली आणि पुन्हा झोपला.

मेकॅनिकने आवाज न करता पिशवी खाली ठेवली.

"आलो," तो हळूच म्हणाला.