उंच राहिलेली कॅप

धाकटीने निळ्या कागदाची पट्टी ताईच्या दाढांमध्ये सरकवली.

"चाव. अजून एकदा."

ताईने चावलं. कानाजवळ कट् असा आवाज झाला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हल्ली तिचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं.

वर्षापूर्वी ताईच्या दाढेवर ही कॅप धाकटीनेच बसवली होती, आणि तीही घाईत. बाहेर पेशंट खोळंबले होते. घरचंच माणूस म्हणून तिने ताईला खुर्चीत उठवून बसवलंही नव्हतं. आडवी असताना, अर्धं तोंड बधिर असतानाच चावायला लावलं होतं. ही चूक हाताखालच्या डॉक्टरांनी केली असती तर तिने दवाखाना डोक्यावर घेतला असता. ताई नंतर म्हणाली होती, "उंच लागतंय गं." "होईल सवय," म्हणून हिने उडवून लावलं. जबडा धरायला लागला तेव्हाही खापर फोडलं ते ताईच्या काळजी करण्यावर. आज कॅपवर निळा ठिपका गडद उमटला होता, म्हणजे चावण्याचा सगळा भार तिथेच येत होता. तिला स्वतःचीच शरम वाटली.

तिने कॅप घासली, ताईला सरळ बसवून पुन्हा चावायला लावलं. आता खुणा दोन्हीकडे सारख्या आल्या. गुपचूप निस्तरून मोकळं होता आलं असतं, पण तिला राहवेना.

"ताई, कॅप उंच राहिली होती. तू सांगत होतीस, मीच ऐकलं नाही. माझ्यामुळे वर्षभर भोगलंस."

"वेडी आहेस का?" ताई गाल चोळत म्हणाली. "ती टोचायची, ते खरं. पण जबडा कॅपच्या आधीपासून दुखतोय. झोपेत दात खाते मी. तुझे भावोजी दचकून उठतात."

"कधीपासून?"

ताईने घड्याळाकडे पाहिलं. घरी शेजारीण तासाभरासाठीच आईजवळ बसली होती.

"आई माझ्याकडे आल्यापासून असेल," ती म्हणाली आणि तिने लगेच सावरून घेतलं, "आपलं आठवलं म्हणून सांगितलं हं."

दवाखाना नवीन आहे, दोनच महिने सांभाळ, असं म्हणून धाकटीने आईला ताईकडे सोडलं होतं. त्याला तीन वर्षं झाली होती. तिने हातमोजे काढले. मग बाहेर जाऊन तिने दुपारचे पेशंट उद्यावर ढकलले.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे. आईची बॅग भरायला. आता ती माझ्याकडे राहील."

"राहू दे" म्हणायला ताईने तोंड उघडलं, पण ते मिटून तिने पर्स उचलली.