चंद्रभानचा डेकवाला ट्रॅक्टर

सकाळपासून तिसऱ्यांदा थ्रेशरच्या तोंडात हरबऱ्याची पेंढी गेली, ट्रॅक्टरच्या पोटातून कर्र आवाज आला आणि थ्रेशर गप्प पडलं. ट्रॅक्टर मात्र मजेत धडधडत होता. ज्याच्या जोरावर थ्रेशर फिरायचं तो मागचा पीटीओचा शाफ्ट तेवढा थांबला होता.

सुभद्रानं पदरानं तोंडावरचा भुसा पुसला आणि तेल्हाऱ्याकडचं आभाळ पाहिलं. तिकडे काळं धरलं होतं. यंदाची कपाशी बोंडअळीनं खाल्ली. घरात येण्यासारखं उरलं होतं ते एवढंच, खळ्यातली हरबऱ्याची गंजी. ताडपत्री होती एकच, तीही पोत्यांपुरती. आज मळणी झाली नाही तर गंजी जागेवर सडणार होती.

ट्रॅक्टरवाल्या चंद्रभानला त्याचं काही नव्हतं. ट्रॅक्टर त्याच्या बापानं घेतलेला, वीस वर्षांचा. मडगार्डची गंजून चाळणी झालेली. पण यानं दिवाळीला सीटशेजारी पेटीएवढा गाण्यांचा डेक बसवला, भोवती लाल-निळे दिवे लावले, आणि तेव्हापासून सगळ्या हिवरखेडात आपल्याएवढा शहाणा नाही अशी त्याची खात्री झाली होती. ऑइल बदलायला मात्र या शहाण्याला सवड नव्हती.

"काहून थांबते हो भाऊजी घडीघडी?"

"तुमचा हरबराच वला हाय वयनी. मशीन काय करीन?"

"वला? दाणा दाताखाली कटकन फुटून राहिला!"

"बाईमाणसाले मशिनीतलं काय समजते!"

शेवटी त्यानं बाळापूरच्या अन्सार मिस्त्रीला फोन लावला आणि चार माणसांनी ऐकावं म्हणून स्पीकरवर टाकला. ऐकायला होती एकटी सुभद्रा.

"रिकामं असलं का फिरते, अन् लोड आला का सुटते ना?" अन्सार म्हणाला. "सीटजवळचा पीटीओ लावाचा दांडा पूरा बसते का? आधा बसला त अंदरचे गेअरचे दात सुटतेतच. पयले ते देख."

"पूरा बसते चाचा! मी काय नवा हाव का?" चंद्रभान जागचा न हलता म्हणाला.

"मंग गेअरबॉक्स खोला लागीन. परवा येतो."

परवा! सुभद्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक सीटजवळ गेली आणि वाकली. पीटीओचा दांडा अर्ध्यातच डेकच्या कोपऱ्याला अडला होता. रोज आपटून आपटून डेकच्या पत्र्याला पोचा पडला होता, आणि हा गडी त्याच्याच शेजारी बसून चार महिने गाणी ऐकत होता.

"हे काय हाय भाऊजी?"

चंद्रभाननं पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. "डेक काढला त ट्रॅक्टरचा बॅलन्स जाते."

"ट्रॅक्टर बंद करा अन् पाना द्या इकडं."

चार बोल्ट तिनंच काढले. डेक खाली बांधावर ठेवला. दांडा खट्कन शेवटपर्यंत गेला, आणि मग थ्रेशरनं पेंढीवर पेंढी अशी गिळली की सुभद्राला टोपली भरायलाही दम मिळेना.

शेवटचं पोतं शिवताना तिच्या मनगटावर टपोरा थेंब पडला. तिनं ताडपत्री ओढून पोत्यांवर घातली. तेवढ्यात चंद्रभान पळत आला.

"वयनी, एक कोपरा डेकवर द्या ना! आतमंदी पानी गेलं त तो बिघडन."

"बिघडन का?" सुभद्रा म्हणाली. "बाईमाणसाले मशिनीतलं काय समजते, भाऊजी!"

आणि ताडपत्रीचा तोच कोपरा अंगाखाली घेऊन ती त्यावर बसली.