खुराड्याचा झरोका

मुळशीच्या सारजाबाईच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. ज्या पावसाळ्यात तिच्या कोंबड्या मरायला लागल्या, त्या पावसाळ्यात तर नवरा कोंडाजीसुद्धा शेतावरून आला की गुपचूप पडवीत बसून राही. खालची भातखाचरं धरणाच्या पाण्यात जाणार हे तेव्हा ठरून गेलं होतं. वरच्या अंगाचं घर आणि परसातलं खुराडं एवढंच आता आपलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि त्यातलं खुराडंही रिकामं होत चाललं होतं.

खुराडं दगडमातीचं, घराच्या मागच्या भिंतीला टेकून बांधलेलं. रानमांजराच्या भीतीनं तिनं त्याला बोटभर फट ठेवली नव्हती. शेणामातीनं सगळं लिंपलेलं, पुढं फळीचं दार, वर पावसासाठी गोणपाट. तरी दोन-चार दिवसांनी एखादी कोंबडी मरून पडलेली सापडायची. डोळे चिकटलेले, चोच उघडी. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं मर आली. सारजाबाईनं मिरच्या ओवाळल्या आणि शेजारणीवर संशयही घेऊन झाला.

मग एका सकाळी मेलेली तलंग कोंबडी बाहेर ओढायला तिनं डोकं आत घातलं आणि आत कोंडलेल्या उग्र वासानं तिचा घसाच धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. छप्पर कुठं गळत नव्हतं, तरी आतल्या बाजूनं थेंब टपकत होते.

"रातभर ह्यातच कोंडल्यात बिचाऱ्या," ती कोंडाजीला म्हणाली. "मी मानूस असून मला सोसलं न्हाई."

तिनं स्वतःच पहार घेतली. मुळशीतला पाऊस घाटाकडून येतो, तिकडून घराचा आडोसा होता. तिनं बाजूच्या भिंतीतला छपराखालचा एक दगड काढला आणि आत धुमसती गोवरी ठेवली. धूर वर जाऊन छपराला थटला आणि तिथंच उभा राहिला. मग समोरच्या भिंतीतलाही दगड काढला. तेव्हा कुठं धूर हलला आणि त्या भोकातून सरळ बाहेर पडला. सारजाबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. वाऱ्याला आत यायला एक वाट आणि जायला दुसरी, ही गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. दोन्ही भोकांना तिनं बांबूच्या कामट्या आडव्या बांधल्या, म्हणजे रानमांजराचा पंजा शिरायला नको. कोंबड्या मरायच्या थांबल्या. पाणवठ्यावर तिनं हे इतक्यांदा सांगितलं की बायका तिला बघून घागरी लवकर भरायला लागल्या.

त्याच पावसाळ्यात तिची लेक भागू बाळंतपणाला माहेरी आली होती.

भागू दिली होती लवळ्याला. पहिलं बाळंतपण सासरीच झालं आणि मूल हाती लागलं नाही. तेव्हा सारजाबाईनं चारचौघांत विहिणीला, राजाबाईला, नको ते सुनावलं होतं. "तुमच्या घरात बाळंतिणीला आडोसा न्हाई. वारं लागूनच गेलं माझं नातवंड." राजाबाईनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं. ह्या खेपेला लेकीला आणताना सारजाबाई तिच्या दारात उभी राहून म्हणाली, "बघा, माझ्या घरात मी तिला वाऱ्याची झुळूक लागू द्यायची न्हाई."

भागूला मुलगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, गुटगुटीत. पाचवी पुजून झाली आणि सारजाबाईला आभाळ ठेंगणं झालं. बाळंतिणीची खोली खुराड्याला लागूनच होती, मधे एकच भिंत. खोलीला वरच्या अंगाला एक झरोका होता, त्यात तिनं गोणपाटाचा बोळा कोंबून वरून शेणानं लिंपलं. दारावर घोंगडी सोडली. शेकाला बाजेखाली शेगडी हवीच, पण लाकडाचा धूर लेकरू-बाळंतिणीला नको म्हणून कोंडाजीला रानात धाडून खास कोळसा आणवला. धूर नाही, वास नाही. बघायला आलेल्या बायकांना ती मुद्दाम वाकून शेगडी दाखवायची.

"आये, डोस्कं जड झालंय," भागू एकदा म्हणाली. "त्यो झरोक्याचा बोळा काढ की जरा."

"बाळंतिणीला वारं लागतं. एकदा भोगलंस तेवढं पुरं न्हाई व्हय?"

भागू हसली. "पल्याडच्या कोंबड्यांना बरी हवा घातलीस."

"त्या कोंबड्या हायेत. तू बाळंतीण हाईस."

हे बोलणंसुद्धा सारजाबाईनं पाणवठ्यावर हसत हसत सांगितलं. सकाळी बाजेमागच्या भिंतीवर थेंब दिसायचे. पाऊस झिरपला असेल म्हणून ती ते पदरानं पुसायची आणि खोली उबदार राहावी म्हणून शेगडीत आणखी कोळसे घालायची.

एके दिवशी पाऊस फारच झोडपत होता. संध्याकाळी तिनं शेगडी काठोकाठ भरली. सकाळी खुराड्यात कोंबड्यांचा कलकलाट सुरू झाला, पण भिंतीच्या अलीकडे सगळं गप्प होतं. घोंगडी सारून ती आत गेली. भागू एका कुशीवर पडली होती, तोंड लालबुंद, हाक मारली तरी हूं की चूं नाही. कोंडाजीनं तिला उचलून पडवीत आणलं. पावसाचा वारा तोंडावर येत राहिला, तेव्हा बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि हातानं शेजारी चाचपलं. शेजारी काही नव्हतं. आत बाजेवर पोरगी गार पडली होती.

बायका जमल्या. "वारंच लागलं," सुईण म्हणाली. "दाराखालनं शिरलं आसंल." सगळ्यांनी माना हलवल्या. सारजाबाईलाही ते खरं वाटलं असतं. तसं वाटलं असतं तर तिचं पुढचं आयुष्य थोडं सोपं गेलं असतं. पण कुणीतरी त्या खोलीत ऊद लावला. त्याचा धूर वर गेला, आढ्याला थटला आणि तिथंच उभा राहिला.

तो धूर तिनं ओळखला. ती बाजेवर चढली, नखांनी शेण खरवडून बोळा ओढून काढला. दार उघडंच होतं. धूर हलला आणि झरोक्यातून बाहेर गेला.

"वारं लागलं न्हाई तिला," ती सगळ्यांना म्हणाली. "मीच लागू दिलं न्हाई."

राजाबाई आली, तेव्हा आता ही आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकवणार म्हणून सारजाबाई दारातच उभी राहिली. राजाबाई तिच्या शेजारून आत गेली. भागूच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन गेली. 'चुकलं' एवढा एक शब्द सारजाबाईच्या तोंडून निघाला नाही, तोंडाची एवढी खमकी असून.

कोंबड्या मात्र छान पोसल्या. पार उरवडे गावापासून बायका खुराडं बघायला येत. ती कामट्या दाखवायची, धुराची गोष्ट सांगायची, आणि घरात कुणी बाळंतीण आहे का, एवढं विचारून आत निघून जायची.

पुढच्या खेपेला भागू माहेरी आली नाही. मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा सारजाबाई एक कोंबडी काखेला मारून, न बोलावता लवळ्याला गेली. घराला वळसा घालून परसात आली आणि थबकली. बाळंतिणीच्या खोलीला छपराखाली नवा झरोका पाडला होता. त्याला बांबूच्या कामट्या आडव्या बांधलेल्या होत्या.

राजाबाई मागून आली. "भागूनंच करून घेतलं. आयेच्या खुराड्याला हाय तसंच पायजे, म्हनली."

"इहीनबाई, त्या वक्ताला मी तुमाला जे बोलले..."

"आत चला. पोर बघा."

सारजाबाई लगेच आत गेली नाही. कोंबडी तशीच काखेत धरून ती झरोक्याखाली उभी राहिली. आतून पोराचं रडणं स्पष्ट ऐकू येत होतं. मुळशीच्या त्या खोलीत नात रडली असती, तरी त्या बोळ्यातून आवाज बाहेर आला नसता.